नळाजवळ

कॅसलरॉक सुटलं तेव्हा
मी चादरीची घडी तिसऱ्यांदा घालत होतो.
दोन चादरी, उशी, कांबळं
आणि कागदी पाकिटात एक नॅपकिन.
तो घरी न्यायचा नसतो, डब्यातला पोरगा म्हणाला होता.
"चहा, सर?"
बत्तीस वर्षं मिरजेच्या वखारीत लाकडाचे घनफूट मोजले,
सर कुणी म्हटलं नाही.
मी मागे वळून पाहिलं.

समोरच्या बर्थवर एक बाई
फोनवर हळू, गोड आवाजात
कुणाला तरी नोकरीवरून काढत होत्या.
त्यांचं संपेपर्यंत मी भडंग सोडलं नाही.
कुरकुरतं ते.

दूधसागर आला.
एप्रिलात त्याचं काय असतं,
टोप ओतून घेतल्यावर काठाला राहतं तेवढं दूध.
तरी जनरलच्या डब्यात आरडाओरडा होतो,
पोरं उचलून धरतात,
कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं.
इथे काच. निळसर. उघडत नाही.
पाणी मुकं पडत होतं.
"आला," मी म्हटलं,
काचेतल्या माझ्याच तोंडाला.

कुळ्यापुढे काजू पिकला असणार,
भट्ट्या लागल्या असणार.
एरवी काले येईपर्यंत तो आंबूस वास
शर्टाला चिकटतो
आणि कळतं, आता अर्धा तास.
काचेला नाक लावलं.
फिनेल.

तिकिटाचं कुणाला सांगितलं नव्हतं.
शशीला फोनवर एवढंच, रविवारी येतो.
पण मनात ते सगळं मांडून ठेवलेलं:
डब्याच्या दारात मी, इस्त्रीचा शर्ट,
खाली ती, तोंडावर हात,
शेजारी तिचे दीर. पुर्सो. मुद्दाम आलेले.
आईच्या वेळी मला डब्यात शिरताच आलं नाही,
ती गाडी गेली, दुसरीनं आलो,
तोवर सगळं आटोपलं होतं.
तेव्हा पुर्सो अंगणात काहीतरी बोलले होते.
विसरलो मी ते.
म्हणजे शब्द विसरलो.

"सावर्ड्याला ना, सर?
आपला डबा फलाटाला लागत नाही.
खाली खडी आहे. सांभाळून."

बॅग आधी. मग हळदीची पिशवी. मग मी,
उलटा, दांडा धरून,
एक पायरी, दुसरी,
तिसरीच्या जागी नुसता एप्रिल.
दोन्ही हात खडीवर टेकले.
कुणी पाहिलं नाही.
एक कुत्रं होतं, तेही लगेच दुसरीकडे बघायला लागलं.

गाडी हलली. मी फलाटाकडे चालत राहिलो
आणि एकेक डबा मला उलटा ओलांडत गेला,
बंद काचा, बंद काचा,
मग खिडक्यांतून बाहेर आलेले हात, बाटल्या, एक ओला टॉवेल,
शेवटी जनरल.
दारात लोंबणाऱ्या कुणीतरी उगाच हात केला.
मीही केला.

फलाट रिकामा झाला तेव्हा
पार त्या टोकाला, नळाजवळ,
काळी छत्री उघडून शशी.
जनरलचा डबा लागतो तिथे.
लग्न झाल्यापासून उभी राहते तिथे.
एकटीच. पुर्सो नव्हते.
रिकाम्या रुळांकडे अशी बघत होती
जणू मी मध्येच कुठेतरी सांडलो असेन.

"खंय देंवलो रे तूं?"
छत्री मिटली, नळ सोडला,
माझे हात स्वतःच्या हातात धरून धुतले,
खडीचं काळं, तेल, नखांतलं सगळं.
"गर्दी आशिल्ली?"

नॅपकिन माझ्या खिशात होता. काढला नाही.
तिच्या पदराला हात पुसले.
"आशिल्ली," म्हटलं. "पाय ठेवायला जागा नव्हती."

तिनं पिशवीतून बाटली काढली,
दर वेळची, लिंबू-मिठाच्या पाण्याची,
रात्रभर उभ्यानं आलेल्या माणसासाठी.
मी ती तळापर्यंत प्यायलो.