भरलेला वजा रिकामा

रिवणला खाणीच्या काट्यावर मी एकवीस वर्षं
ट्रक मोजले.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकीत उरेल ते खनिज.
कापशेच्या धक्क्यावरून ते बार्जमध्ये पडायचं,
त्यापुढचं माझ्या वहीत नसे.

दुसरी वही रात्रीची.
मिंगेल फिटरनं दिलेली दुर्बीण,
डाव्या काचेला बुरशी.
व्याध आणि प्रश्वा यांच्यामधल्या ओसाड पट्ट्यात,
जिथं सहसा कुणी बघत नाही,
शृंगाश्वातला तो पिवळट म्हातारा.
शेजारचे दोन स्थिर तारे धरायचे,
ह्याच्याहून मंद, त्याच्याहून उजळ,
आणि आकडा टाकायचा. दशांशासकट.

एकदा खोल बुडतो, एकदा उथळ,
पुन्हा खोल. ब्याण्णव दिवसांचा हेलकावा.
एवढं कळायला मला चार हिवाळे लागले.
त्याच्याजवळ दुसरा आहे म्हणतात.
मला तरी कधी दिसला नाही.
पहिला ज्या तऱ्हेनं डुलतो
त्यातून दुसऱ्याचं वजन काढतात.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हातारपणी त्यानं अंगावरचं सगळं फेकलं.
फेकलेलं गेलं नाही.
दोघांभोवती फिरत राहिलं, चकतीसारखं,
खडकाचं पीठ, आतून धुमसतं.

आमच्याकडे तेव्हा फणसाची पानंसुद्धा तांबडी.
सुलक्षा दोरीवरच्या साड्या दोनदा झटकायची,
पेज दाताखाली करकरायची.
कितीतरी रात्रींपुढे मी लिहिलंय :
'अर्धी प्रत कमी. धूळ त्याची की आपली?'

मग खाण बंद झाली.
ट्रक माळावर उभे, टपांत पाणी साचलेलं.
मिंगेल कुवेतला गेला.
त्या हिवाळ्यात आकाश असं निघालं
की मी थोडा लाजतच गच्चीत चढलो :
आता तरी तो नीट दिसेल.

सापडेचना.
दीड प्रतीनं खाली.
मडगावला जाऊन डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता.
शेजारचे दोघे जागच्या जागी, लखलखीत.
धूळ त्याचीच होती.
साडेसहा वर्षांनी जातो तसा
आपणच फेकलेल्याच्या आड गेला होता,
आणि आत ते चालूच,
खोल, उथळ, खोल.

तीन वर्षं मी घरी बसलो.
सुलक्षानं काजू फोडून घर चालवलं.
त्या दिवसांत ती कशी दिसायची
मला सांगता येणार नाही.
वहीत त्याचे दोनशे अकरा आकडे आहेत.

काल खालच्या रस्त्याला पुन्हा ट्रक लागले.
काट्यावर कुडचड्याचा कुणी पोरगा, समोर कॉम्प्युटर.
मी कुंपणाशी थांबून पाहिलं,
आधी भरलेला, मग रिकामा,
आणि घरी आलो.
ती दोरीपाशी उभी होती.
"पळय, परत तांबडें," म्हणाली.
मी तिची बोटं बघत होतो,
टोकांशी काळी, काजूच्या चिकानं खाल्लेली.
"हे कधीपासून?"
"जालीं कितलींशींच वर्सां,"
आणि तिनं साडी झटकली.