धूळ काढली

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
एक शटर, दोन टेबलं, भिंतीवर महापुराची रेघ,
कितीही रंग दिला तरी पावसाळ्यात वर येणारी.
तिच्याखाली मी काहीच ठेवत नाही,
स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही.

केरबाअण्णा सुतारांनी कॉम्प्युटर आणला रिक्षातून,
मांडीवर घेऊन, करडू आजारी पडल्यागत.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले,
आता त्या सगळ्यांची मापं एका तक्त्यात भरतात,
एका बोटानं, रोज वीस ओळी.
आत विंडोज, पण जुनं,
ज्याचे अपडेट कधीच बंद झालेत.
नवं टाकायला गेले तर तेच म्हणालं,
हे मशीन माझ्या लायकीचं नाही.

"लिनक्स टाका," सुमेध म्हणाला.
"फुकट. हलकं. आतलं सगळं उघडून बघता येतं."
इतक्या जोरात, की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर केली.

इलाही मुजावर लग्नाचे अल्बम करतो,
मॅक रुमालात गुंडाळून आणतो.
"सहा वर्षं झाली, एकदा हँग नाही.
शालूचा रंग टिपला तसाच दिसतोय."
"आणि पैसे?"
"हप्ते फिटले की सगळं स्वस्तच असतंय, भावा."

चौगुलेबाई गुळाच्या अडतीचे हिशेब बघतात.
पेन ड्राइव्ह न्यायला आल्या होत्या, थांबल्या.
"आमचं हिशेबाचं चालतंय का तुझ्या त्या पेंग्विनवर?
नाही ना? मग विषय संपला.
सकाळी सौदा निघतो, माणूस ढेपा मोजून
पट्टीची वाट बघत उभा राहतो.
त्याला काय सांगू,
जरा दम धरा, मी स्वतंत्र होतेय?"

तासभर चाललं. चहा दोनदा आला.
मीही बोलले मध्ये, खोटं कशाला.
पण माझं पोट बिघाडावर,
न बिघडणाऱ्या गोष्टीबद्दल माझं मत कोण धरणार?

अण्णा स्टुलावर बसून
टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते,
रंधा कुठं नीट लागला नाही ते बघत.
मग म्हणाले,
"कारखान्यात नवा लेथ आल्यावर
म्हैनाभर हात जुन्या दांड्याकडंच जायचा.
लेथ ब्येस होता. हातच जुना.
तुमी एवढं सांगताय, तर एक सांगा,
बंद पडलं तर रात्री आठला
कुणाच्या दारात जायचं?"

इलाहीनं रुमाल परत गुंडाळला.
बाईंनी घड्याळ बघितलं.
सुमेध म्हणाला, "माझ्या,"
पण हळू.

रात्री शटर अर्धं ओढून मी लिनक्स टाकलं.
तक्ता उघडला, दोन रकाने सरकले होते, बसवले.
जुन्या पडद्याचा फोटो समोर ठेवून
एकेक चित्र जागेवर नेलं:
डावीकडं मापं, त्याखाली नातवाचे फोटो,
कचऱ्याची टोपली उजव्या कोपऱ्यात,
मागं तोच हिरवा माळ.
शेवटी पंखा उघडला.
आत बोटभर भुसा, सागवानी.
घरात अजून रंधा चालतो तर.

सकाळी अण्णांनी चालू केला, कान लावला.
"आवाज थांबला की गं. काय केलंस?"
सुमेध तोंड उघडणार, तोवर मी म्हणाले,
धूळ काढली.

चौथ्या दिवशी फोन. प्रिंटर ओळख देईना.
सुमेध संध्याकाळी गेला,
दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला.
चालला का, विचारलं, तर सांगेना.
खिशातून लाकडी भोवरा काढला,
नवा, अजून वास असलेला,
आणि माझ्या टेबलावर फिरवला.
फिरत फिरत तो कडेला गेला, पडला,
घरंगळत भिंतीशी, रेघेच्या खाली.

राहू दिला तिथंच.
लाकूड आहे, तरंगेल.