राऊटर खालच्या खोलीत आहे

मुबारक किल्लेदारनं पहिलाच प्रश्न विचारला,
"राऊटर कुठाय, ताई?"
गणपत गल्लीतल्या त्याच्या चिंचोळ्या दुकानात
मी पाकीट उघडून उभी होते, आणि उत्तर असं होतं:
राऊटर आहे. खाली आहे. कुलपात आहे.
खोली नीलव्वाअक्कांची, किल्ली लेकाकडं,
लेक बेंगळूरला.
मला वर मिळतो तो फक्त पासवर्ड,
भाड्यात धरलेला, नळाच्या पाण्यासारखा.

"मग हे नको." त्यानं एक काळा डबा मागं सरकवला.
"ह्याला राऊटरमधनं वायर ओढाय लागती.
हे पण नको. पहिल्यांदा मागचं बटण
दाबून धराय लागतंय, तुमचा हात पोचणार न्हाई."
एकेक खोका परत फळीवर चढत गेला.

मला हवं होतं एवढंच:
बाबांच्या पदरांचे आलेख, अकराशे चाळीस कागद,
स्कॅन करकरून लॅपटॉप गच्च भरलेला,
ते अंगणापलीकडच्या शेडमध्ये, मागापाशी,
परशरामच्या मोबाईलवर दिसावेत;
दर वेळी पेन ड्राईव्ह ओढणीच्या टोकात बांधून
मी जिना उतरायला नको.

शेवटी त्यानं साबणाच्या वडीएवढं काहीतरी काढलं.
"ह्याला कुणाचंच काय लागत न्हाई.
आपलं वायफाय आपणच सोडतंय. आत बॅटरी.
फक्त एक हाय, ह्याला जोडलासा
की घरचं नेट तुटतंय. एका वेळी एकच."

एका वेळी एकच.
आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
साडेआठ म्हणाला, आठला दिलं.

वडगावात घरी येऊन मोबाईल उघडला तर
अख्खी गल्ली यादीत उभी:
अक्कांचं आडनाव इंग्रजीत, किराणा दुकान कन्नडात,
कोपऱ्यावरचं तरुण मंडळ देवनागरीत,
सगळ्यांच्या नावापुढं एवढंएवढंसं कुलूप.
मी वडीचं नाव ठेवलं 'पदर'.

(अक्का कुलपालाच कीली म्हणतात.
मी ते उघडणारीला किल्ली म्हणते.
पहिले दोन महिने आम्ही एकमेकींकडं
नेमकी उलटी वस्तू मागत होतो.)

गुरुवारी दुपारी हेस्कॉमनं वीज नेली.
माग धोटा अर्ध्यात टाकून थांबले,
आणि यादीतली नावं विझत गेली,
मंडळ, किराणा, अक्का,
उरलं एकटं 'पदर'.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं.
"हे पदर कोण गं? माझ्या मोबाईलात एकच दिसालंय."
"माझंच आहे अक्का."
"नेट येतंय?"
"नाही. नुसते कागद आहेत."
"मग कशाला?" म्हणाल्या, आणि बसल्या.
लाईट नव्हती, त्यांना दुसरं काम नव्हतं.

मोराचे कागद झाले, रुईफुलांचे झाले.
तिसऱ्या आंब्यावर त्यांचं बोट थांबलं.
"एप्पत्तेरडु."
काय?
"बाजूला लिहिलंय की. बहात्तर. आमचे आकडे."

मी त्या वेटोळ्यांना
पेन चालतं का बघितल्याच्या खुणा समजत होते.
कितीतरी पानांवरून पुसून टाकली होती,
स्कॅन स्वच्छ दिसावा म्हणून.
परशराम महिनाभर ओरडत होता, आंबा तिरका येतोय,
मी त्याला सत्तर तारा सोडायला लावत होते.

बाबा हे आकडे कुणाकडनं शिकले?
मी विचारलं नव्हतं. अक्काही म्हणाल्या नाहीत.
"पुढचं काढ," म्हणाल्या फक्त.

तेवढ्यात लाईट आली.
शेडमध्ये खटखट सुरू झाली, एकामागून एक
नावं परत उगवली, सगळ्यात आधी खालच्या खोलीचं,
आणि अक्कांचा मोबाईल, कुणी न सांगता,
आपल्या घरी निघून गेला.
पुढचं पान अर्धंच उघडून थांबलं होतं,
समासाच्या अलीकडं.