शुद्धिपत्र

प्रकाशक महासंघाची वार्षिक सभा यंदा नाशकात भरली,
गंगापूर रोडच्या एका हॉटेलात,
जिथे द्राक्षांपेक्षा द्राक्षांचे फोटो जास्त.
दारावरच्याने माझी स्कूटर बघून विचारलं,
"पेपर टाकायला आलात का?"
म्हटलं, हो. चाळीस वर्षं तेच करतेय.

गळ्यात बिल्ला मिळाला: श्री. शशिकला गायधनी.
मुद्रितं कोणी तपासत नाही आता.

आत सगळे कागदाच्या भावावर बोलत होते.
टनाला किती, जहाज कुठे अडकलं,
जाहिरातीची थकबाकी कोणत्या खात्याकडे.
मी कागद टनात कधी मोजला नाही.
मी रिळं मोजते. रीळ संपताना
पुठ्ठ्याच्या नळीवर उरतो तो शेवटचा वेटोळा,
त्यावर आमचा हिशेब असतो,
मशीनवरच्या रऊफचाचांच्या नातीची बाराखडीही.
तिकडे नाशिकरोडला नोटा छापतात,
तो कागद रद्दीवाल्याला कुणी घालत नाही.
आमचा उद्या सकाळी.

दीपप्रज्वलन झालं. एसीने वात दोनदा विझवली.
मग श्रद्धांजली.
आधी माणसं. मग सरचिटणीस पान उलटून म्हणाले,
"या वर्षी बंद पडलेली सभासद दैनिके":
रतलामचं एक, अकोल्याची दोन,
एक कुठलंसं तेलुगू, ज्याचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना,
"आणि नाशिकचं दैनिक रामशेज."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले.
मीही राहिले.

दोन मिनिटं फार मोठी असतात.
पान तीन अजून रिकामं होतं.
तहसीलदारांची नोटीस आली नव्हती.
तिवंध्याच्या बोळात चाचांनी शाई ढवळायला घेतली असेल.
शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "चांगला पेपर होता."
मी विचारलं, "वाचलात कधी?"
ते म्हणाले, "शू."

वडिलांच्या काळात आमच्याकडूनही झालं होतं असं.
मखमलाबादचे निवृत्ती काकड.
वारला होता त्यांचा थोरला भाऊ,
फोटो आणि नाव लागलं यांचं.
सकाळी दहाला सायकलवरून घामाघूम दारात उभे.
वडील मागच्या दाराने निघणार होते, चप्पल सापडेना.
काकड बाकावर बसले, अंक मागून घेतला,
ओठ हलवत स्वतःचं निधन शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं,
आणि म्हणाले, "फोटो झ्याक आलाय. पाच अंक द्या."
शुद्धिपत्र दुसऱ्या दिवशी, पान चार,
एसटीच्या वेळापत्रकाखाली. कोण बघतंय?
पुढे कित्येक वर्षं रविवार कारंजावर
ते दिसले की कोणीतरी दचकायचं,
आणि ते मुद्दाम थांबून रामराम घालायचे.

जेवणाच्या रांगेत सरचिटणिसांना गाठलं.
"साहेब, मी रामशेज."
त्यांनी बिल्ला पाहिला, मला पाहिलं, परत बिल्ला.
"तीन वर्षं वर्गणी नाही, पत्राला उत्तर नाही, आम्हाला वाटलं..."
"वर्गणी थकली होती. पेपर नाही."
"पुढच्या वार्तापत्रात शुद्धिपत्र देतो, ताई."
"कधी निघतं?"
"निघायचं," ते म्हणाले. "कागद महागल्यापासून..."
आणि पुढचं वाक्य त्यांनी पापडासारखं मोडून
ताटात ठेवलं.

रात्री अडीचला मशीन लागलं.
पहिले अंक नेहमीसारखे वाकडे, निळा सांडलेला.
पान चारवर, वेळापत्रकाखाली,
मी स्वतःच दोन ओळी बसवल्या होत्या:
महासंघाच्या सभेतील यादीत
'रामशेज बंद' ऐवजी 'रामशेज' असे वाचावे.

चाचांनी चष्मा कपाळावर नेला,
अंक दिव्याखाली धरला.
"बेटा, हे 'वाचावे' म्हणजे,
लोकांनी, की आपण?"

सीबीएसची गाडी बोळाच्या तोंडाशी हॉर्न देत होती.
म्हटलं, चाचा,
पाच अंक जास्त काढा.