जातो

आमच्याकडं बाया 'जाते' म्हणत न्हाईत.
'जातो' म्हणतात.
येतो गं, जेवलो की, दमलो बघ,
माझी आई असंच बोलायची, तिची आई पण.
सहावीत परगावच्या बाईंनी पट्टी आपटून शिकवलं :
अक्काताई, मुलगी 'जाते'.
मी उभारून विचारलो,
कुठं जाते, बाई?
वर्ग हसला. बाई पण हसल्या.
उत्तर तेवढं राहिलं.

त्याला एक्केचाळीस वर्षं झाली.
सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालतो मी.
माझ्या हातचा एक जोड दुबईला गेला म्हणं,
एक कुणाच्या तरी लग्नात नाचला,
एक देवळाबाहेरनं चोरीला गेला,
त्यो सुद्धा माझ्यापेक्षा जास्त फिरला असंल.
माझे पाय : दुकान, दळप, दवाखाना.
आणि दार. ते आतनं लावायचं.

जिभेला दिलं,
पायाला द्यायचं कुणाच्या तरी ध्यानातनं राहिलं.

परवा रात्री साडेदहाला उठलो.
भांडण न्हवतं. कुणी आजारी न्हवतं.
नवरा म्हणाला, कुठं?
म्हटलो, जातो.
अगं पण कुठं?
तेच की. जातो.
वीज बिल जास्त आल्यावर बघतो
तसा बघत बसला माझ्याकडं.

मिरजकर तिकटी. बिंदू चौक.
जेलच्या भिंतीकडंनं चालताना वाटलं,
आत हाईत त्यास्नी निदान तारीख मिळती.
पापाच्या तिकटीला एक मोटरसायकल
हळू झाली, माझं वय बघितली, गेली.
विशीत असतो तर ही गोष्ट
तिथंच संपली असती.

गंगावेशीत कट्ट्याला म्हशी बांधल्या होत्या.
पैलवान पोरं, रिक्षावाले, कोट हातावर टाकलेला एक वकील,
समद्यांच्या मिशीला फेस.
आप्पू गवळी म्हणाला, मावशी, डबा कुठाय?
डबा न्हाई. मला पायजे.
तुम्हाला?
मला. इथंच. उभारून.

ग्लास म्हशीच्या अंगाएवढा गरम.
चव काय सांगू, दूध दुधासारखंच.
फकस्त कुणाला वाढून उरलेलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी शकिलाला सांगितलो.
वेणीवरनं नजर न काढता ती म्हणाली,
नशीबवान हाईस. तुझा नवरा सोडतो.

सोडतो.
रातचं दूध त्या एका शब्दानं नासलं.
कुणीतरी सोडल्यावर जे मिळतं
त्याला भिंतीआडची माणसं पॅरोल म्हणतात.
आणि माझ्या शेजारी बसून वीस वर्षं
तीच वेणी घालणारीला जे मिळत न्हाई
ते माझं तरी कसं असंल?
उसनं आणलंय. कधी पण मागतील.

रात्री नवऱ्याला म्हटलो,
तुझ्या बानं पाटलाला चप्पल शिवून दिली
आणि त्याच पाटलाच्या दारापुढनं जाताना
आपली काढून हातात घेतली.
तूच सांगितलास. सांगताना रडलास.
त्यानं काय मागितलं होतं रे?
रस्ताच की नुसता.
आपल्याच चपलेनं चालायचा.
त्यो बोलला न्हाई. दिवा मालवला.
आता 'कुठं' विचारत न्हाई.
'कवा येणार' विचारतो.
बघू.

शनिवारी कडी वाजली.
शकिला. डोक्यावर पदर, हातात अॅल्युमिनियमचा डबा.
म्हटलो, डबा कशाला?
म्हणाली, घरात कारण सांगायला लागतंय. दूध आणायला जातो म्हटलो.

मग निघालो.
ती मधनंच मागं बघायची, मी मुद्दाम बघत न्हवतो.
बिंदू चौकात, त्या भिंतीला लागून,
डब्याचं झाकण सैल होतं,
पावलागणिक वाजत होतं,
आणि आम्हा दोघींपैकी
कुणीच ते घट्ट केलं न्हाई.