टाकीचं वळण

रापरच्या पुढे, जिथे मी खाऱ्या पाण्याचा कस मोजते,
तिथे रस्ता सरळ सुटला की सुटलाच.
चाळीस किलोमीटर स्टिअरिंगला काम नाही.
लोक म्हणतात, एवढं मैदान पडलंय दाराशी,
तिथेच पळव की गाडी,
बडोद्यापर्यंत कशाला मरतेस?

मैदानात वेग कळत नाही हो.
काटा शंभरावर, आणि क्षितिज
पाटावर बसल्यासारखं जागच्या जागी.
वरची खारी साय पातळ, एकदा जीप रुतली ती दोन दिवस.
आणि ब्रेक कधी दाबायचा ते तिथे शिकता येत नाही,
समोर काही येतच नाही.

म्हणून दर दुसऱ्या महिन्यात, शनिवारची रात्रीची बस.
पहाटे बडोदा.
दांडियाबाजारात शिर्क्यांच्या गॅरेजचं शटर अर्धं वर.
आत माझी झेन, मागची सीट काढलेली,
रेडिओच्या जागी भोक.
फत्तेसिंग शिर्के टायर अंगठ्याने दाबून बघतात,
आंबा बघावा तसा.
"पुढचा डावा खाल्लास. कुणाशी भांडतेस गं तिकडे?"

वाघोडियाच्या अलीकडे एका स्कीमचे रस्ते आहेत.
बंगले व्हायचे होते एकशे बारा. झाले शून्य.
उरलं डांबर, फुटपाथच्या कडा, पाण्याची एक कोरडी टाकी
आणि गंजलेला फलक: गार्डन व्ह्यू.
तिथे आम्ही चौदा गाड्या. दातांचे एक डॉक्टर,
छाणीचे बापलेक एकाच गाडीत आळीपाळीने,
बाकी पोरं, हेल्मेटला स्टिकर लावलेली.
क्लबहाउसचं वळण: तिथे क्लबहाउस नाही.
शाळेचं वळण: तिथे शाळा नाही.
टाकीचं वळण: टाकी आहे.
तिथेच माझं घोडं पेंड खातं.

दोन महिने मी हे वळण घोकते.
ड्युटी संपली की आगराच्या पाळीवरून उतरून
टाचेने मिठात रेघ ओढते, सगळा ट्रॅक,
आणि पायी चालते.
इथे ब्रेक. इथे तिसऱ्यातून दुसरा.
इथे नजर टाकीवर नको, टाकीच्या पुढे.
अगरियांची रंभा, नऊ वर्षांची, माझ्यामागून चालते, न बोलता.
परवा ती वळण न घेता सरळ कापून
पलीकडे जाऊन उभी राहिली.
"मी आधी पोचले," म्हणाली.
खरंच होतं.
मी तिला सांगायला तोंड उघडलं
आणि सांगण्यासारखं काही सापडेना.

आज तिसऱ्या फेरीला एक एकवीस पूर्णांक चार.
मागच्या खेपेपेक्षा दोन दशांश जास्त.
चौथ्या फेरीत ब्रेक उशिरा दाबला, मुद्दाम,
आणि टाकी बाजूला न सरकता मोठी होत गेली.
मग गवत, खडी, बाजूच्या काचेत आकाश,
आणि इंजिन बंद.
इतकं शांत, की क्षणभर वाटलं रणातच आहे.
धूळ खाली बसायला वेळ लागला.
मी सरळ कापून गेले होते, रंभासारखी,
फक्त आधी पोचले नव्हते.
हसू आलं. हात थरथरत होते, तरी आलं.

शिर्के आले, चाकाशी उकिडवे बसले.
माझ्याकडे बघितलंच नाही.
"डावा वाचला आज," म्हणाले. "आता पोटात काहीतरी ढकल."
सेव-उसळ इतकी तिखट की
डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

रात्रीची बस. खिशात वेळांची चिठ्ठी,
बुटात खडीचे दोन खडे, रंभाला दाखवायचे.
अमितनगर सर्कलला ड्रायव्हरने मावा गालात सरकवला,
एका हाताने चाक फिरवलं,
ब्रेकला पायही न लावता
बाहेरून आत, आतून बाहेर,
बावन्न माणसं, छपरावर कुणाचं तरी कपाट,
रेघ अगदी बरोबर.

मी पुढे जाऊन त्याच्या मागच्या सीटवर बसले.