गोडं पाणी

वर धरणाचे दरवाजे उघडले
की खाडीत गोडं पाणी येतं.
गोडं म्हणायचं आपलं.
तिसऱ्यांना ते विष.

ओहोटी लागून तास झालाय.
दोसिंदा गुडघाभर चिखलात, गालिसियाच्या किनाऱ्यावर,
लांब दांड्याचा दाताळा वाळूतून ओढतेय.
हाताला आधी आवाज कळतो, मग वजन.
आज आवाज पोकळ.
उघडी कवचं एकमेकांवर वाजतात
विसळायला टाकलेल्या बशांसारखी.

पूर्वी दोन तासांत बादली भरायची.
आता तळ झाकला तरी बायका कंबर सरळ करतात.

शियाना आली, सहकारी संस्थेची पोरगी.
बूट नवे, वही पाण्यात न भिजणारी.
एक रिकामं कवच अंगठ्यावर धरून म्हणाली,
ही रेघ बघ, काळसर.
इथे हिची वाढ थांबली होती.
पाणी गोडं झालं तशी तोंड मिटून बसली,
आत कोंडलेल्या एका खाऱ्या घोटावर,
काळीज मंद करून
दिवस काढले हिनं.
मग उघडली. वाढली.
ही दुसरी रेघ.
ही तिसरी, दुसरीला जवळजवळ चिकटून.
जुळवून घेतात गं या.

जुळवून.
दोसिंदाच्या चांगल्या ओळखीचा शब्द.
एवारिस्तो आठ महिन्यांसाठी उत्तरेच्या बोटीवर गेला
तेव्हा सासू म्हणाली होती.
सार्डिनच्या कारखान्यात रात्रपाळी लागली
तेव्हा मुकादम.
बोट परत आली, एवारिस्तो आला नाही,
तेव्हा तर सगळेच.
तिनंही काढलेत दिवस तोंड मिटून.
तिची रेघ कुठे असेल?
गुडघ्यात, बहुतेक.

"किती दिवस राहते मिटलेली?"
"थंडीत जास्त. पाणी कोमट असलं की कमी.
आणि आता थंडीतही कोमटच असतं."
"मग?"
शियाना वहीत बघते. वहीत ते नाही.
"मग उघडावं लागतं.
बाहेर काहीही असो."

पलीकडून फेलिसा ओरडते,
ती जपानी पेरा, ती मरत नाही!
खरंय, तशी कमी मरते.
आली तेव्हा परकी होती.
आता परकी कुणी म्हणत नाही तिला,
फक्त भाव कमी देतात.
आपली जास्त खोल रुतते. हट्टी.
खोल रुतलेली शोधायला जास्त वाकावं लागतं
आणि वाकणाऱ्या बायका
या वर्षी एकवीस. त्या वर्षी साठ होत्या.
उरलेल्या कुठे गेल्या, याची
कुणाच्या कवचावर नोंद नाही.
एक विगोला लेकीकडे. दोघी म्हाताऱ्यांच्या आश्रमात, कामाला.
एक नुसतीच घरी.

ज्या मेल्या त्यांनीही तोंड मिटलंच होतं, पोरी.
तुझ्या हातातलं कवच रिकामं आहे, विसरू नकोस.
हे दोसिंदा म्हणाली नाही.
पोरगी नवी आहे, बूट चावत असतील.

मापाच्या कडीतून एक तिसरी आरपार पडली.
लहान. परत टाकायची.
नखाएवढ्या अंगावर चार रेघा.
दोसिंदानं ती ओल्या वाळूवर ठेवली
आणि उगाच उभी राहिली.

बराच वेळ काही नाही.
मग फट. फटीतून पांढरा पाय,
जिभेसारखा, चाचपडत.
वाळू चाखल्यासारखं केलं, आत ओढून घेतला.
पुन्हा काढला.
मग तिरकी उभी राहिली, आणि थोडी थोडी करत
गेली खाली.

घड्याळात अकरा मिनिटं.
तोवर पाणी बुटांपर्यंत आलेलं.
दोसिंदानं त्यात बोट बुडवून चाटलं.
अजून खारट होतं,
कालच्यापेक्षा कमी.